फाटकाजवळचा तास

कॉलेजात त्यांना मौजबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने म्हणत. विषयाचं छापील नाव चांगलं भारदस्त होतं, करमणूक, उद्याने आणि फावला वेळ यांचा अभ्यास. पण एवढं म्हणेपर्यंत मधली सुट्टी संपायची. विभागाची खोली व्यायामशाळेच्या पाठीमागे. एका भिंतीला फळा, दुसरीला चेंडूंची जाळी, दोऱ्यांची वेटोळी आणि नेटचा एक मोडका खांब. वर्ग चालू असताना व्यायामशाळेचा शिपाई मधूनच आत येई, जाळीतून दोन चेंडू काढी आणि जाताना मोठ्या मनाने "चालू द्या" म्हणे.

स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सर विचारत, आज लपाछपीचं प्रॅक्टिकल होतं म्हणे, मग पास कोणाला केलंत, लपलेल्याला की सापडलेल्याला? सगळे हसत. मौजबाईही हसत, कारण विनोद बरा होता. नवरा विमा कंपनीत कारकून. संध्याकाळी बायकोपुढे चहाचा कप ठेवताना तो विचारी, दमलीस? कशानं गं? हेही प्रेमानेच. त्यांना उलट उत्तर देता येत नसे असं नाही, पण त्यांचा आवाजच मुळात हळू. उत्तर ऐकायला समोरच्याला थांबावं लागे, आणि थट्टा करणारा सहसा थांबत नाही.

सकाळचा त्यांचा एक नेम होता. घर उठायच्या आत आंघोळ, देवापुढे दिवा आणि पाव तास नुसतं बसणं. काही मागायचं नाही, काही मोजायचं नाही. लग्न झालं त्या वर्षी सासूबाईंनी हा नेम त्यांच्या पदरात घातला होता, ताप असला तरी मोडायचा नाही या बोलीवर. सासूबाई गेल्या, नेम राहिला. कॉलेजात याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. तो काही शिकवण्याचा विषय नव्हता.

शिकवण्याची त्यांची रीत मात्र कॉलेजभर माहीत होती. या शाखेतली मुलं पहिल्या वर्षीच गळ्यात अडकवायची शिट्टी विकत घेत आणि ती मंगळसूत्रासारखी मिरवत. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला मौजबाई बिस्किटांचा एक रिकामा डबा फिरवत आणि सगळ्यांच्या शिट्ट्या त्यात टाकायला लावत. ज्यांचा तास घ्यायचाय त्यांना आधी बघून या, म्हणत. बाग असो, दवाखाना असो, शाळा असो, जाऊन कोपऱ्यात बसा. ती माणसं मोकळी असली की आपणहून काय करतात ते कळलं, की या आणि शिट्टी घेऊन जा. मुलं कुरकुरत जात. परत येत तेव्हा बरीचशी डब्याकडे बघायचीही विसरलेली असत.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शिडी म्हणत. उंचीमुळे. तीही स्वतःला शिडीच म्हणे आणि कोणाचं काही वर अडकलं असेल तर सांगा म्हणे. घरी आई शिवणकाम करायची, वडील नव्हते. शहराच्या उद्यान खात्यात तिची निवड झालेली होती. महिनाअखेर पदवीचा निकाल दाखवायचा, की बागेतल्या कार्यक्रमांची नोकरी तिची. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रॅक्टिकल. एक जागा निवडायची, तिथल्या माणसांसाठी एक तास आखायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तो घेऊन दाखवायचा.

शिडीने वृद्धाश्रम निवडला. बघणंबिघणं झालं असं समजून ती पहिल्याच आठवड्यात कामाला लागली. चेंडू झेलायला लावले, टाळ्यांचे खेळ घेतले, गाण्याच्या भेंड्या लावल्या. म्हाताऱ्यांनी तिला जराही दुखवलं नाही. चेंडू आला की झेलत, टाळी म्हटलं की वाजवत. शेवटी एक निवृत्त बस कंडक्टर आजोबा तिला मायेने म्हणाले, पोरी, तू दमलीस की सांग, मग आम्ही थांबतो.

त्या दिवशी ती विभागात आली ती थेट चेंडूंच्या जाळीवर जाऊन बसली.

"मॅडम, तिथे माझी करमणूक चाललीय. ती माणसं माझा वेळ घालवतायत."

मौजबाईंनी विचारलं, तू नसतेस तेव्हा ती काय करतात? शिडीला सांगता येईना. मग जा आणि बघ, एवढंच त्या म्हणाल्या.

या खेपेला ती खरंच कोपऱ्यात बसली. आश्रमाचा हॉल मोठा, स्वच्छ, खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर. उजेड भरपूर, पण दिसायचं फक्त आभाळ. दिवसभर माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली. आणि बाहेरून जो कोणी येई, दूधवाला, डॉक्टर, शिडी, त्याला प्रत्येक जण एकच गोष्ट निरनिराळ्या तोंडाने विचारी. रस्त्यावर काय चाललंय? समोरचं दुकान उघडलं का? त्या वळणावर अजून पाणी साचतं का? शिवणवाल्या आजी म्हणून एक होत्या, त्यांना रोज एकच कळून घ्यायचं असे, की आज बायकांच्या अंगावर कुठल्या तऱ्हेच्या बाह्या दिसतात.

शिडी परत आली आणि म्हणाली, "त्यांना फाटक हवंय."

मग तिने जो तास आखला तो असा होता. हॉलमधल्या खुर्च्या उचलून आवारातल्या झाडाखाली, फाटकाला तोंड करून मांडायच्या. फाटक उघडायचं. बसायचं. संपलं. मौजबाईंनी तो कागद दोनदा वाचला. परीक्षकांना हे पचणार नाही हे त्यांना दिसत होतं, पण आजवर या विषयात त्यांनी पाहिलेल्या आराखड्यांमध्ये इतका खरा एकही नव्हता, हेही दिसत होतं. त्यांनी सही केली. आश्रमाच्या व्यवस्थापक बाई धूळ, वाहनं, पडझड असं बरंच काही बोलल्या आणि शेवटी, परीक्षेपुरतं हं, असं बजावून कबूल झाल्या.

परीक्षक आले ते एकेकाळचे धावपटू. आता केस पिकलेले, पाठ अजून सरळ, गळ्यात शिट्टी. हातातला आराखडा न उघडताच, फाटकाशी मांडलेल्या खुर्च्या पाहून त्यांनी घड्याळ बघितलं, तयारी चाललीय असं म्हणाले आणि कंडक्टर आजोबांच्या शेजारची रिकामी खुर्ची घेतली. मौजबाई मागे उभ्या राहिल्या.

समोर एका नव्या दुकानावर रंगारी पाटी रंगवत होता. उभी शिडी लावून तो वर चढलेला, खाली डबे. कंडक्टर आजोबा मुलीला म्हणाले, ती बघ तुझी बहीण लावलीय भिंतीला. पाटीवर अक्षरं मोठी घेतली होती, आणि अर्धं नाव झालं तेव्हा पाटी निम्म्याहून जास्त संपलेली. यावरून वाद पेटला. कंडक्टर आजोबांचं म्हणणं, बसतील, गर्दी कितीही असो, आत सगळे मावतात, आयुष्यभर मी तेच केलंय. शिवणवाल्या आजींचं म्हणणं, कापड कमी पडलंय, हा आता शेवटची अक्षरं आवळणार. परीक्षक आधी गप्प होते. मग त्यांनी बोटांनी हवेत मापं घेतली आणि आजींच्या बाजूने पडले. आजोबा म्हणाले, तुम्ही धावणारे, तुम्हाला जागेचं काय कळतं. परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. मध्ये एक बाई छत्री घेऊन गेली, तिच्या बाह्यांवर आजींनी निकाल दिला. एक कुत्रं रस्ता ओलांडावा की नाही या विचारात बराच वेळ बसून राहिलं, त्यावरही दोन तट पडले. रंगाऱ्याने अखेर कपाळाला हात लावला, फडकं घेतलं आणि अख्खी पाटी पुसून काढली. फाटकाआत एकच हशा उठला. रंगाऱ्यानेही वळून पाहिलं आणि हात हलवला.

तेवढ्यात शिडी उठून म्हणाली, झालं.

"काय झालं?" परीक्षक म्हणाले.

"तास, सर."

परीक्षकांचा चेहरा हळूहळू उतरला. ते इतका वेळ कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मौजबाईंना बोलावणं आलं. परीक्षकांनी शून्य दिलं होतं आणि शेरा मारला होता, उपक्रम झालाच नाही. स्वतः ते तिथे बसले होते, अजून घुश्शात. मौजबाईंना त्यांच्या रागाचं नवल वाटलं नाही. चारचौघांत आपलं हसं झालं असं ज्याला वाटतं, त्याला, आपल्याला तो तास आवडला होता, हे आठवणंही जड जातं. प्राचार्य सौम्य माणूस. त्यांनी चहा मागवला आणि मार्गही काढून दिला. बाईंनी एवढंच लिहून द्यायचं, की काही कारणाने प्रॅक्टिकल होऊ शकलं नाही. सुट्टीनंतर मुलीला परत बसवू. मौजबाई म्हणाल्या, सुट्टीनंतर तिची नोकरी गेलेली असेल. प्राचार्यांनी मान हलवली. मग कपातल्या चहाकडे बघत ते म्हणाले, तसंही पुढच्या वर्षी हा विभाग शारीरिक शिक्षणात मिळवून टाकायचं वर चाललंय. अशा वेळी वाद बरा नव्हे.

मौजबाईंचे हात मांडीवर होते, ते त्यांनी तिथेच ठेवले.

"होऊ शकलं नाही असं मी लिहिणार नाही. ते झालं," त्या म्हणाल्या.

परीक्षकांना नीट ऐकू आलं नाही. त्यांना पुढे वाकावं लागलं.

"काय झालं, बाई? माणसं बसली होती. बसायला शिकवावं लागतं का?"

"सर, तुम्ही तासभर होतात. मी मागे उभी होते. सुरुवातीला तुम्ही एकदा घड्याळ बघितलंत, मग शेवटपर्यंत बघितलं नाहीत. कार्यक्रम कधी सुरू होणार, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. कंटाळलेला माणूस विचारतो."

"मला फसवलंत तुम्ही."

"कोणी काही लपवलं नव्हतं. आराखडा तुमच्या हातात होता. आणि बसायचं म्हणाल तर मी रोज सकाळी पाव तास बसते. इतकी वर्षं झाली, अजून धड जमत नाही. त्या मुलीने सगळ्यांना तासभर बसवलं, आणि तुम्हालाही."

प्राचार्यांनी खोकल्यासारखं केलं. नियमात एक वाट होती. मौजबाई कॉलेजच्या परीक्षक, हे बाहेरचे; दोघांचं मार्कांवर जमलं नाही तर प्रॅक्टिकल दोघांसमोर पुन्हा घ्यायचं. ते परवाच घेऊन टाकू, म्हणाले, पण या वेळी काहीतरी हालचाल दिसू दे. मौजबाई उठल्या. पुन्हा घ्यायला त्यांची ना नव्हती. काय घ्यायचं ते विद्यार्थी ठरवतो, तेही नियमातच आहे, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, विभाग मिळवायचा तर मिळवा, सर. खोलीत चेंडू आधीपासून आहेतच. त्याच्यापायी मार्क बदलणार नाहीत.

त्या बाहेर आल्या. पाण्याच्या टाकीपाशी शिडी उभी होती. त्यांनी तिला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. हट्ट माझा आहे, नोकरी तुझी आहे, म्हणाल्या. तू परवा चेंडू घेऊन उतरलीस तर तासभर टाळ्या वाजतील आणि तू पास होशील. मी तुला एका शब्दाने बोलणार नाही, मनातसुद्धा नाही. शिडीने बराच वेळ नळाची तोटी उघडली आणि बंद केली. मग म्हणाली, माझी शिट्टी तुमच्याच डब्यात असू दे.

ठरल्या दिवशी सगळे आश्रमात जमले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. व्यवस्थापक बाईंनीच घातलं होतं. तुमच्या एका तासाने माझी घडी विस्कटली, त्या मौजबाईंना म्हणाल्या. तेव्हापासून सगळे सकाळी उठले की फाटक मागतात. हॉलमध्ये खुर्च्यांचं छान रिंगण केलेलं होतं. परीक्षकांनी स्वतःच्या गाडीतून एक पिशवी आणली होती, तीत मऊ चेंडू आणि रंगीत कड्या. त्यांनी ती शिडीच्या हातात दिली आणि हलक्या आवाजात म्हणाले, घे, मीही कोणाचं वाईट चिंतत नाही. त्यात खोट नव्हती. मौजबाईंना वाटलं, राग सोसता येतो, हे जास्त अवघड आहे. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शिडीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली. आपल्या डोळ्यांत काही दिसायला नको, ना हो, ना नाही.

शिडी रिंगणाच्या मध्ये गेली आणि पिशवी जमिनीवर ठेवली.

"आज माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "सरांनी चेंडू आणलेत, चांगले आहेत. फाटकाला कुलूप आहे. तास तुमचा आहे. तुम्हाला काय करावंसं वाटतंय?"

हॉलमध्ये कोणी हललं नाही. मग कंडक्टर आजोबा उठले. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची पाठीकडून धरून उचलली आणि दाराकडे तोंड केलं.

"चला, पुढे सरका," ते म्हणाले. "मध्ये जागा आहे."

ते गेले. त्यांच्यामागून एक, मग दोन, मग सगळे. शिवणवाल्या आजींना खुर्ची उचलवेना, त्या ती फरशीवरून ओढत निघाल्या आणि खुर्चीच्या पायांचा असा कर्कश आवाज झाला की व्यवस्थापक बाईंनी कानांवर हात ठेवले. शिडी मदतीला धावली, तर आजींनी तिला झटकून टाकलं. बाहेर बंद फाटकाच्या गजांसमोर खुर्च्या लागल्या. गजांमधून रस्ता दिसत होता, पट्ट्यापट्ट्यांचा का होईना.

हॉलमध्ये राहिले परीक्षक, व्यवस्थापक बाई, मौजबाई आणि ती पिशवी. परीक्षक म्हणाले, बोलवा त्यांना आत. मौजबाई म्हणाल्या, मी कशी बोलावू, तास तिचा आहे. तेव्हा ते तरातरा पायरीपर्यंत गेले आणि त्यांनी शिट्टी वाजवली, एकच, लांबलचक. पटांगणातले कावळे उडाले. म्हाताऱ्यांपैकी कोणी मान वळवली नाही. फक्त कंडक्टर आजोबा बसल्या जागेवरून ओरडले,

"दोन वाजवा, साहेब. एकीने गाडी थांबते."

खुर्च्यांमध्ये हसू पसरत गेलं. परीक्षक शिट्टी ओठांत धरून तसेच उभे. मौजबाईंना वाटलं, आता हे पाठ फिरवून गाडीत बसणार. पण त्यांची नजर आजोबांच्या डोक्यावरून पलीकडे गेली होती. समोर पाटी तयार झाली होती. रंगाऱ्याने सगळं नव्याने लिहिलं होतं आणि तरी शेवटची दोन अक्षरं कडेला चिमटून बसवली होती. परीक्षकांनी ती बघितली, डोळे बारीक करून पुन्हा बघितली, शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली, आत येऊन एक खुर्ची उचलली आणि बाहेर घेऊन गेले. आजोबांच्या शेजारी ठेवताना त्यांनी फक्त पाटीकडे बोट दाखवलं. आजोबा म्हणाले, मावली की नाही, ते सांगा. मग तो वाद तासभर चालला.

या वेळी तास संपला हे शिडीला सांगावं लागलं नाही. परीक्षकांनीच घड्याळ बघितलं. पायरीवर बसून त्यांनी मार्क लिहिले आणि कागद मौजबाईंना दिला. काठावर पास. त्याहून एक मार्क जास्त नाही. शेरा मागचाच, शब्दही न बदलता, उपक्रम झालाच नाही.

मौजबाईंनी खाली सही केली. शिडी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या तोंडून एक अर्धवट आवाज निघाला आणि तिने तो तळहाताने दाबला.

"पुढच्या वर्षी हे चालवून घेणार नाही मी," परीक्षक उठता उठता म्हणाले.

"पुढच्या वर्षी दोन तासांचं ठेवतेय, सर," मौजबाई म्हणाल्या. विभाग असेल की नाही याचा कोणालाच पत्ता नव्हता, त्यांना तर नव्हताच. पण या खेपेला परीक्षकांना ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागलं नाही.

व्यवस्थापक बाईंनी जेवणाची घंटा वाजवली. एकही खुर्ची हलली नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. शिवणवाल्या आजी न वळता म्हणाल्या, कुलूप काढलं तर येऊ. मग बाकीच्यांनीही तेच म्हटलं, एकेकाने, भांडणाचा सूर न लावता, जसं दुकानात माप सांगतात तसं. व्यवस्थापक बाई मौजबाईंकडे आल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच लावलंय हे, तुम्हीच सांगा त्यांना.

"मी परीक्षेपुरती आले होते," मौजबाई म्हणाल्या. "परीक्षा संपली."

त्या हॉलमध्ये गेल्या. रिंगणातली शेवटची खुर्ची त्यांनी उचलली, बाहेर आणली आणि शिवणवाल्या आजींच्या शेजारी, कुलपाकडे तोंड करून बसल्या. आजींनी त्यांच्या बाहीचं टोक चिमटीत धरून निरखलं आणि शिलाई बरी आहे म्हणाल्या. मागे किल्ल्यांचा जुडगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मौजबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना बसायची सवय होती.